हूं म्हणणारं कोणी

शंभर वर्षांपूर्वी, भाषांचे नमुने गोळा करणाऱ्या एका इंग्रज साहेबाने वेवजी गावातल्या एका वारली माणसाच्या तोंडची गोष्ट ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरवून घेतली. चार वाक्यांनंतर गोष्ट तुटते, पुढे नुसती खरखर. साहेबाने शेरा मारला, ‘अपूर्ण’. आम्ही अभ्यासकही तेच लिहीत आलो.

२०१७च्या उन्हाळ्यात, भर दुपारी, वेवजीच्याच म्हाताऱ्या बायजीच्या ओट्यावर बसून मी ती गोष्ट माझ्या फोनमधून तिला ऐकवली. आवाज तुटला तशी ती हसली.

“कोनी हूं नाय म्हनलं त्याला. हूं म्हनल्याबिगर गोष्ट पुढं कशी सांगंल तो?”

आणि फोनकडे वाकून ती म्हणाली, “हूं.”

खरखर थांबली. माणूस पुढे सांगू लागला.

ती हूं म्हणायची, तो पुढचं वाक्य सांगायचा. मग ती चहा टाकायला उठली.

“आता तू म्हन, पोरी. किती वरसं बसून हाय तो.”

मी घाबरून फोनच बंद केला.

ओट्यावर मी एकटी होते. तरी कोणीतरी श्वास रोखून थांबलंय, असं वाटत राहिलं. शेवटी मलाच राहवेना.

“हूं,” मी म्हणाले.

गोष्ट पुढे सुरू झाली, माझ्या पाठीमागून.