जावयाच्या ताटातली धार

धुळ्याकडे खिचडीवर जावयाला कच्च्या शेंगदाणा तेलाची धार वाढतात, आणि तो "पुरे" म्हणाला तरी सासूचा हात थांबत नाही. केवळबाईंनी नवी बुधली उचलली; ताट जेवणाऱ्याचं रक्त तपासून सांगेल तेच आणि तेवढंच तेल ती सोडते. जावई हेमराजचा अंगठा ताटाच्या काठाला लागला होता. ताटाने त्याचं रक्त वाचलं. बुधलीने करडई तेलाचे दोन थेंब टाकले आणि तोंड मिटून घेतलं.

"व माय, बिघडली की काय ही?" केवळबाईंनी ती नवऱ्याच्या ताटावर तिरकी केली. सत्तरीच्या आबांना शेंगदाणा तेलाची धार घळघळ लागली.

म्हणजे बुधली धड होती; बिघाड हेमराजच्या हृदयात होता. हेमराजच्या बायकोने, सुनयनाने, हळूच विचारलं, "हॉटेलातली ताटंही रक्त वाचतात, मग तिथे तुम्हाला लालभडक तर्री कशी वाढतात?"

"तिथे मी मित्राशी ताट बदलतो. त्याचं हृदय धडधाकट आहे. इथे जावयाचं ताट कसं बदलू?"

"म्हणून घरी साधी बरणीच हवी होती तुम्हाला! हृदयाचं कळून किती दिवस झाले?"

"वर्ष झालं. तेलाचं काही नाही गं, पण तुझ्या डोळ्यांतली भीती रोज बघवली नसती."

"ही बुधली मी घरी नेणार," सुनयना म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

"ने खुशाल. पण माझ्या दारात जावई कोरडं जेवणार नाही," म्हणत केवळबाई उठल्या. चुलीवरची ऊन कढी आणून त्यांनी तेलासारखीच उंचावरून त्याच्या खिचडीवर धार धरली.

"पुरे, मामी," हेमराज म्हणाला.

त्यांचा हात थांबला नाही.