मेणबत्तीची जागा

"सदतीस वर्षांत त्याच्या नावाची मेणबत्ती एकदाही नाही?" पडद्यावरच्या वकिलाने विचारले.

"नाही," पेत्रोना म्हणाली.

नेबाख गावातल्या चर्चमागच्या खोलीत ती ताठ बसली होती. तिच्या लेकाला, गास्पारला, सदतीस वर्षांपूर्वी सैनिकांनी मक्याच्या शेतातून उचलून नेले. हुकूम ज्याचा, तो कर्नल आता अमेरिकेत राहतो, म्हणून भरपाईचा दावाही तिथल्याच कोर्टात. पडद्याच्या एका चौकोनात तो दिसत होता. म्हातारा, इस्त्रीचा सदरा, हातात पाण्याचा पेला.

मृतांच्या दिवशी अख्खे गाव मेणबत्त्या घेऊन कबरींकडे जाते. पेत्रोना त्या दिवशी कडी लावून चुलीपाशी बसते, लेकाची भाकरी झाकून. ज्याचे हाडूक मिळाले नाही, त्याच्या नावाने मेणबत्ती लावायची म्हणजे आईनेच त्याला मारायचे. आळीतल्या बायका टोमणा मारत, तुझ्या लेकाला गार भाकरीच आवडते वाटतं. ती हसून घेई.

कर्नलच्या त्या वकिलाने नेमके तेच धरले. आईच त्याला मेला मानत नाही, तर दावा कसला?

तिच्या वकीलबाईने सकाळीच बजावले होते, तो मेला हे तुमच्या तोंडून यायला हवे. नाही आले तर दावा पडेल, आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या तुमच्यासारख्याच अकरा जणींचाही.

दुभाषी एन्ग्रासिया खालच्या आळीतली पोर. ती वाकून हळूच म्हणाली, "मावशी, बोलावं लागेल गं."

पेत्रोनाने कमरपट्टा चाचपला.

"मेला माझा गास्पार."

एन्ग्रासियाने ते गावच्या बोलीतून स्पॅनिशमध्ये सांगितले, पडद्यावरच्या दुभाष्याने इंग्रजीत. पडद्यावरचा वकील कागद आवरू लागला.

"थांब पोरी," पेत्रोनाने कर्नलकडे बोट केले. "आता त्याला विचार. त्यालाच ठाऊक आहे. मेणबत्ती कुठं लावू?"

साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात, वकील म्हणाला. कर्नलने पेला खाली ठेवला. बाजूने कुणाचा तरी हात आला आणि त्याचा चौकोन काळा झाला.

पेत्रोनाने कमरपट्ट्यातून मेणबत्ती काढली. पिवळी, त्याच सकाळी घेतलेली. अंगाच्या उबेने ती वाकली होती. दोन्ही हातांनी तिने ती हलकेच सरळ केली आणि त्या काळ्या चौकोनापुढे टेबलावर उभी धरली.

"एन्ग्रासिया, काडी आहे का गं तुझ्याकडं?"