चाळिशीतला पिचर

म्युनिकच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फॅन्टसी बेसबॉलची अर्ध्या हंगामातली निवड चालली होती. अमेरिकेतल्या खऱ्या खेळाडूंमधून आपली कागदावरची टीम काढायची, ते खेळतील तसे गुण. मी चाळिशीतला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, घेतला. सिद्धेशनं कपाळावर हात मारला. "दादा, त्याचा खांदा गेलाय." "तीन मुलं आहेत त्याला." "मुलांचे गुण मिळतात होय?" इथे मिळत नव्हते. पण सकाळपासून मी दुसरीच यादी घेऊन बसलो होतो. कंपनी आमच्यातल्या चौघांना काढणार होती, आणि जर्मन कायद्यानं वय, नोकरीची वर्षं, बायको-मुलं यांचे गुण मोजायचे. ज्याचे कमी, तो आधी जाणार. कागद माझ्या खिशात होता. "माझे बघा," सिद्धेश म्हणाला, "सगळे पंचविशीतले, सडेफटिंग." तो स्वतः सव्वीसचा, वर्षापूर्वी आलेला. मी डबा बंद केला. "सिद्धेश, लग्नाचं कुठे जमतंय का रे?"