नवी माशी

दुकानदार जेठानंदने पक्कडीने बंदुकीच्या नळीच्या टोकावरची जुनी पितळी माशी फिरवून काढली आणि हरिचंद्रच्या तळहातावर ठेवली. मोहरीच्या दाण्याएवढी. नेम धरताना डोळा ज्यावर लावायचा तो हा मणी; बंदूकवाले त्याला माशीच म्हणतात. पंप अॅक्शन बंदुकीवर नेमासाठी दुसरं काही नसतं.

नवी माशी पांढरीशुभ्र होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. उल्हासनगर-अंबरनाथच्या गार्ड लोकांत हे चालतंच. नजर उतरली की माशी वाढवायची. हरिचंद्रची नजर मात्र नुसती उतरली नव्हती. साखरेने डोळ्यांचा पडदा खाल्लाय, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर तोंडावर बोलला होता. ही गोष्ट त्याने बायकोला, रखमालाही सांगितली नव्हती. सोमवारी बँकेची फायरिंगची परीक्षा होती. बँकेने त्याला घेतलं होतं तेच स्वतःची बंदूक आहे म्हणून, आणि नेम चुकणाऱ्या गार्डला कोण ठेवून घेणार?

रखमा बदलापूरहून बरोबर आली होती, पण बंदुकांच्या दुकानात पाऊल टाकायला नको म्हणून भाजी घ्यायला गेली होती. ते एका अर्थी बरंच झालं होतं.

"लो हवालदार," जेठानंदने बंदूक पुढे केली. "रस्त्यावर धरून बघा."

"माणसावर धरत नाही मी. रिकामी असली तरी नाही. पलटणीत पोरांना शिक्षा देऊन देऊन शिकवलंय हे."

त्याने नळीखालचा दस्ता मागे ओढला, आत बोट घालून गोळी नसल्याची खात्री केली, पुन्हा एकदा केली. मग दारातून समोर पाहिलं. रस्त्यापलीकडे साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर पुतळे ओळीने उभे होते.

"तो शेवटचा पुतळा घेतो. निळ्या साडीतला."

"घ्या," जेठानंद हत्यारं आवरता आवरता पाठमोराच म्हणाला.

हरिचंद्रने बंदूक खांद्याला लावली. माशी लख्ख दिसली. किती महिन्यांनी त्याला काहीतरी इतकं स्वच्छ दिसत होतं! उगाच खचलो होतो आपण, अजून दोन-चार वर्षं सहज निघतील, असं वाटून त्याचा ऊर भरून आला. निळ्या साडीच्या छातीवर माशी टेकवून त्याने श्वास रोखला आणि घोडा दाबला.

खट्.

पुतळा वाकला. पायाशी ठेवलेली पिशवी त्याने उचलली, एक रिक्षा जाऊ दिली, आणि रस्ता ओलांडून तो सरळ दुकानाकडे यायला लागला.

हरिचंद्रने बंदूक खाली घेतली. निळा रंग जवळ येत गेला, आणि पार उंबऱ्याशी आल्यावर त्याला चेहरा आला. रखमाचा.

"झालं का हो?" तिने पदराने मान पुसली. "भाजी घेऊन तिथं पायरीवर थांबले होते. तुम्ही बंदूक तिकडं केलीत, तशी ती दुकानातली बाई घाबरून आत पळाली. मी नाही हलले. तिला म्हटलं, अगं, मी दिसतेय की त्यांना."

जेठानंदने मान वळवून एकदा तिच्या निळ्या साडीकडे पाहिलं, एकदा समोरच्या पायरीकडे, आणि तो पुन्हा हत्यारं पुसायला लागला. पुसलेलीच पुसत राहिला.

आपण हे काय करून बसलो, एवढंच हरिचंद्रच्या डोक्यात फिरत होतं. हळूच त्याने बंदूक काउंटरवर आडवी ठेवली, नळी भिंतीकडे करून.

"जेठाभाई, या बंदुकीला गिऱ्हाईक बघ."

"अहो, असं काय करता?" रखमा म्हणाली. "आत्ताच तर नवी माशी बसवलीत. चांगली दिसत नाही का?"

"दिसते," हरिचंद्र म्हणाला. "तेवढीच दिसते."