चवसाहेबांची परीक्षा

"शिळं असेल ना, तर मला दारातूनच कळतं," बटाट्याचा कुरकुरीत काप उचलत चवसाहेब म्हणाले. समोर त्यांचे जुने मालक जेवत होते.

चवसाहेब हे शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव. मालकांच्या मोठ्या हॉटेलात पदार्थ चाखून पास-नापास करणं, हीच त्यांची आयुष्यभराची नोकरी. भलेभले आचारी त्यांच्यापुढे चळचळा कापायचे. आता मालक नवं हॉटेल काढत होते. निवृत्त चवसाहेबांची जीभ अजून तशीच तल्लख आहे का, हे पाहायला ते मुद्दाम त्यांच्या घरी जेवायला आले होते.

चवसाहेबांनी एकेक घास पारखला. बटाटे बाहेरून खमंग, आतून लोण्यासारखे. भाताचे सोनेरी गोळे फोडले की वाफ येत होती. पाव तर नुकताच भट्टीतून निघाल्यासारखा.

"सगळं ताजं," त्यांनी निकाल दिला. "आमच्या घरात शिळं कधी पानात पडलेलं नाही."

मालक बोटं चाटत होते. "झालं तर मग. पुढच्या महिन्यापासून या," ते म्हणाले.

चवसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. हे कौतुक सुनेच्या कानावर घालावं म्हणून ते स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले. त्या खोलीत त्यांचं पाऊल क्वचितच पडायचं.

सून एअर फ्रायरमधून बटाट्यांची दुसरी खेप काढत होती. ओट्याशेजारी स्टुलावर त्यांची बायको जेवत होती. पाहुण्यांचं उरकायच्या आत ती जेवायला बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. तिच्या ताटात वाफाळती फ्लॉवरची भाजी होती. ती भाजी काही बाहेर आली नव्हती.

"ही भाजी आम्हाला नाही वाढलीस?" त्यांनी सुनेला विचारलं.

"ती आजची आहे, बाबा. आईंसाठी. तुम्हाला वाढलं ते कालचं." सून सांगू लागली. "बटाटे तळहातानं चपटे करून तेलाचा हात फिरवला. भाताचे गोळे वळले. पावावर पाणी शिंपडलं. सगळं यात घातलं आणि तुम्ही पास केलंत."

तिच्या आवाजात अभिमान होता, आणि तो लपवायची तिला काही गरज वाटली नाही.

चवसाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेर मालक बसलेले, नोकरी हातात आलेली, आणि पोटात कालचा भात. सुनेला काय बोलणार? ते दबक्या आवाजात बायकोवर घसरले. "अगं, एक दिवस तू खाल्लं असतंस कालचं, तर काय बिघडलं असतं?"

बायको उठली नाही. तिनं तोंडातला घास सावकाश संपवला आणि ताठ बसून म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून या घरात रोज काही ना काही उरतंच. ते जातं कुठे, असं वाटलं तुम्हाला?"