अकरा ओळी

कंपनी विकत घ्यायला आलेल्यांच्या वकीलबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "तुमच्या सॉफ्टवेअरमधली ही फाइल फुकट आहे, पण अटीवर. जो वापरेल, त्यानं आपलाही सगळा कोड लोकांना खुला करायचा. मग तुमच्या कंपनीत विकत घेण्यासारखं उरतं काय?"

"फाइल माझीच आहे," मालक धायगुडे म्हणाले. "कॉलेजात लिहिली. अट मीच घातली, मीच काढतो."

"यातल्या अकरा ओळी गडहिंग्लजच्या कुणा नांदवडेकरांनी पाठवल्यात. मराठी अकारविल्हे यादीत 'ळ'ला 'ह'नंतर बसवणाऱ्या."

"तेवढ्या नव्यानं लिहितो."

"त्या वाचून लिहिलेलं त्यांच्यावरूनच घेतलेलं ठरू शकतं. परवानगी मागा."

धायगुड्यांनी फोन स्पीकरवर लावला. नांदवडेकर निवृत्त ग्रंथपाल निघाले.

"अट कशासाठी घातली होती?" अट काढायची मागणी ऐकून त्यांनी विचारलं.

"कुठल्या कंपनीनं हे गिळू नये म्हणून."

"मग आता काय झालं?"

"आता माझीच कंपनी आहे."

नांदवडेकर म्हणाले, "कॉलेजातल्या ज्या मुलानं अट घातली, त्याला विचारा. तो हो म्हणाला, की माझीही सही घ्या."

फोन बंद झाला. वकीलबाईंनी पेन उघडलं. "त्या मुलाचा पत्ता?"

धायगुड्यांनी लॅपटॉप मिटला. "तो सही देणार नाही."