बसलेला आवाज

सर्दीने यज्ञाचा घसा असा बसला होता, की तिने मुलासारख्या जाड आवाजात हजेरी दिली तेव्हा आठवीचा सगळा वर्ग हसला. यंत्रगुरुजी मात्र हसले नाहीत. ते आवाज ऐकून मुलांचा कल ओळखतात आणि झेपेल तेच शिकवतात, असं मुख्याध्यापक गुंजाळ सर पालकांना मोठ्या तोऱ्यात सांगत.

त्या दिवशी यज्ञाच्या पाटीवर रॉकेटच्या वेगाचं गणित उमटलं. आजवर तिला आणि बाकीच्या मुलींना पोळ्यांच्या कणकेची आणि हळदीकुंकवाच्या वाणाचीच गणितं मिळाली होती. ती दोनदा चुकली.

"डोकं आहे तुला, आळस करू नकोस. पुन्हा कर," गुरुजी म्हणाले.

तिसऱ्यांदा उत्तर बरोबर आलं, तेव्हा तिने आनंदाने बाकावर थाप मारली.

सोमवारी तिचा आवाज मोकळा झाला आणि पाटीवर पुन्हा कणीक आली. चिडून तिने मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिलं.

"असू दे बाळ," गुरुजी लाडाने म्हणाले, "अक्षर किती सुंदर आहे तुझं!"

यज्ञा तडक गुंजाळ सरांकडे गेली. सगळं ऐकून ते हसले. "अगं, यंत्राला कसला आलाय भेदभाव? लाखो शिक्षकांचे शेरे वाचून शिकलंय ते."

"मग ते लाखो शिक्षक मूर्ख होते."

"मुलीच्या जातीला शोभतं का हे बोलणं?"

चहात पडलेल्या माशीकडे पाहावं तसं तिने सरांकडे पाहिलं आणि ती वर्गात परतली. पाटी पालथी घालून तिने मुलींना जवळ बोलावलं आणि रॉकेटचं गणित समजावायला घेतलं. गुरुजी गप्प बसा म्हणाले, पण कुणी वळूनही पाहिलं नाही.